घर झाले, पण वकिलाचे जादा बिल आले. आता काय करावे?

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या बोलण्यात एक तक्रार वारंवार येते. घराचा सौदा ठरतो, इसारपावती होते, बँकेचे कर्ज मंजूर होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतात, अंगठे उमटतात, रजिस्ट्री होते आणि घरात मिठाई वाटली जाते. आठ-पंधरा दिवसांनी वकीलसाहेबांचा निरोप येतो, "अजून वीस-बावीस हजार निघतात. तेवढे देऊन कागद घेऊन जा."

ज्याने दुकानाची शिल्लक, बायकोचे दागिने आणि भावाकडून घेतलेले उसने असे सर्व एकत्र करून घर घेतले, त्याच्या खिशात या वेळी काही उरलेले नसते. मग कोणी मुकाट्याने कर्ज काढून पैसे देतो, तर कोणी वकिलाच्या ऑफिसात जाऊन आवाज चढवतो. आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. मुकाट्याने देणारा न देण्याचे पैसे देऊन बसतो. भांडणारा मात्र ज्या पैशांवर वकिलाचा खरोखर हक्क आहे तेही नाकारतो आणि आपली बाजू कमकुवत करून घेतो. एकूण आकड्याशी भांडू नये, हिशेब मागावा. तो कसा मागावा आणि मिळाला नाही तर पुढे काय, याचा विचार येथे करू.

वकील कोणाचा?

मुंबईत या कामासाठी 'सॉलिसिटर' हा शब्द चालतो. तेथील उच्च न्यायालयाच्या अटर्नींचा वेगळा वर्ग 1976 च्या कायदादुरुस्तीने संपला. आज कायद्याच्या नजरेत ते सर्व ॲडव्होकेटच आहेत. आपल्या शहरात (जुने औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर) मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ 1981 पासून आहे, त्यामुळे वकिलांची उणीव नाही. घराच्या व्यवहारात मात्र वकिलाबरोबर दस्तलेखक, मुद्रांक विक्रेता आणि दलाल अशी बरीच मंडळी असतात. म्हणून जादा बिल हातात पडताच पहिला प्रश्न विचारावा, हे काम त्यांना कोणी सांगितले होते?

पुष्कळदा वकील दलालाने आणलेला असतो, विकणाऱ्याचा असतो किंवा बँकेच्या यादीवरचा असतो. बँकेच्या वकिलाची फी बँकेने कर्जाच्या कागदात लिहून कर्जदाराकडून घेतलेली असते. ती एकदा दिली की त्याच कामाचे पैसे पुन्हा मागता येत नाहीत. विकणाऱ्याने आपल्यासाठी नेमलेल्या वकिलाचा मेहनताना, तसे सौद्यात ठरलेले नसेल तर, घेणाऱ्याच्या माथी येत नाही. वकील आपण स्वतः नेमला असेल तरच पुढचा हिशेब सुरू होतो.

जादा खर्च खराही असू शकतो

प्रत्येक जादा बिल म्हणजे लूट, असे समजू नये. आपल्या मराठवाड्यात घराचे कागद तपासणे हे सोपे काम नाही. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जुने महसुली कागद उर्दूत आहेत, काही मोडीतही सापडतात. जमिनीचा मागोवा घेताना 1954-55 च्या खासरा पाहणीपर्यंत जावे लागते. कोठे इनामी जमीन निघते, कोठे वक्फची नोंद. गुंठेवारी वसाहतीत तर आणखी पेच असतो. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची संधी मिळाली. पण एखादे घर नियमित झाले की नाही, हे महानगरपालिकेच्या कागदावरूनच ठरते. सौदा होताना हे सारे माहीत नसते. मध्येच विकणाऱ्याच्या एखाद्या विवाहित बहिणीचा हिस्सा निघाला तर तिची सही घ्यावी लागते आणि मसुदा पुन्हा करावा लागतो. हे खरे काम आहे आणि त्याचा मोबदला मागणे गैर नाही. वकिलाने हे काम वाढल्याचे त्याच वेळी सांगितले होते काय, एवढेच तपासायचे.

दुसरे कारण सरकारी आहे. मुद्रांक शुल्क सौद्याच्या किमतीवर किंवा सरकारच्या बाजारमूल्य तक्त्यातील किमतीवर, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. आपण घर 28 लाखांना घेतले आणि तक्त्याप्रमाणे ते 31 लाखांचे निघाले, तर शुल्क 31 लाखांवर बसेल. नोंदणी फी किमतीच्या 1 टक्का आणि जास्तीत जास्त रु. 30,000 आहे. म्हणजे 28 हजार धरलेले असतील तर 30 हजार भरावे लागतील. हा फरक वकिलाच्या खिशात जात नाही, सरकारी तिजोरीत जातो, आणि त्याचे चलन असते.

बिलाचे तीन भाग करा

बिल कितीही मोठे असो, त्याचे तीन भाग पाडावेत.

पहिला भाग सरकारचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि दस्त हाताळणीचे शुल्क यांत येते. यांतील प्रत्येक रुपयाला चलन किंवा पावती असते. चलनावर क्रमांक असतो आणि भरणाऱ्याचे नाव असते. नोंदणी कायद्याच्या कलम 79 प्रमाणे फीचा तक्ता प्रत्येक नोंदणी कार्यालयात, जिल्ह्याच्या भाषेत, लोकांना दिसेल असा लावावा लागतो. तो वाचावा. पावतीवर जितके आहे तितकेच द्यावे.

दुसरा भाग तिसऱ्याला दिलेल्या पैशांचा. वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, उर्दू कागदांचा तर्जुमा, नकलांचा खर्च, नोटरीची फी. येथेही वर्तमानपत्राचे बिल किंवा तर्जुमा करणाऱ्याची पावती दाखवता येते. नोटरीचे दर नियमांनी ठरलेले असतात आणि त्याने पावती देणे बंधनकारक आहे.

तिसरा भाग वकिलाच्या मेहनतान्याचा. खरेदीखत तयार करण्यासाठी सरकारने कोणताही दर ठरवून दिलेला नाही. म्हणून जे ठरले तेच खरे. काम झाल्यावर एकट्या वकिलाला तो आकडा वाढवता येत नाही. ठरलेल्या कामाच्या बाहेर आपण काही काम करवून घेतले असेल आणि त्याचा आकडा ठरला नसेल, तर करार कायद्याच्या कलम 70 च्या तत्त्वाने त्याचा वाजवी मोबदला द्यावा लागतो. वाजवी म्हणजे मागितला तितका, असे नव्हे.

एक उदाहरण

समजा, शहागंजातल्या एका कापड व्यापाऱ्याने घर घेतले. शोध अहवाल, मसुदा आणि रजिस्ट्री मिळून वकिलाचा मेहनताना रु. 15,000 ठरला आणि तो दिला गेला. नंतर हे बिल आले: शोधाचा जादा मेहनताना रु. 6,000, उर्दू कागदांचा तर्जुमा रु. 3,000, जाहीर नोटीस रु. 2,500, ऑफिस खर्च रु. 5,000, बहिणीच्या सहीमुळे दुसरा मसुदा रु. 4,000 आणि जीएसटी रु. 2,700. एकूण रु. 23,200.

आता एकेक रक्कम पाहू. नोटिशीचे वर्तमानपत्राचे बिल आहे, ते द्यावे. तर्जुम्याची पावती आहे आणि कागद खरोखर उर्दूत होते, तेही द्यावे. दुसरा मसुदा आपल्यासमोर झाला होता, त्याचे पैसे वाजवी आहेत. हे झाले रु. 9,500. शोध अहवाल मूळ 15,000 मध्येच होता, म्हणून त्याचे 6,000 देणे लागत नाही.

'ऑफिस खर्च' या शब्दाला पावती नसते. तो कोणाच्या हातात गेला, हे विचारावे. तो टेबलाखालून गेला असेल तर प्रकरण आणखी गंभीर आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावे लागते. आपल्या नावावर असा खर्च टाकू देऊ नये. कोणी मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे.

जीएसटीच्या बाबतीत आपले व्यापारी बांधव सहज फसतात, कारण त्यांना प्रत्येक बिलावर जीएसटी पाहण्याची सवय असते. पण वकिलाचा नियम वेगळा आहे. धंदा नसलेल्या माणसाला वकिलाने दिलेली सेवा करमुक्त आहे. धंदा असला, पण उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असली, तरीही ती करमुक्त आहे. उलाढाल मर्यादेबाहेर असून धंद्यासाठी सेवा घेतली, तर कर व्यापाऱ्याने स्वतः सरकारला भरायचा असतो. म्हणजे वकील एकटा असो की वकिलांची फर्म असो, त्याने बिलात 18 टक्के लावून आपल्याकडून ते वसूल करण्याचा प्रश्नच येत नाही. दुकान किंवा गोदाम धंद्याच्या नावाने घेत असाल तर आपल्या कर सल्लागाराला मात्र जरूर विचारा.

तेव्हा 6,000, 5,000 आणि 2,700 मिळून रु. 13,700 वादात राहिले. व्यापाऱ्याने 9,500 ताबडतोब चेकने किंवा ऑनलाइन द्यावेत आणि बाकीचा हिशेब लेखी मागावा. देणे लागते ते दिलेल्या माणसाकडे पुढे कोणी बोट दाखवू शकत नाही.

हिशेब मागणे हा हक्क आहे

"वकीलसाहेबांकडे हिशेब कसा मागायचा?" असा संकोच पुष्कळांना वाटतो. तो सोडून द्यावा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच हे लिहिले आहे. नियम 25 प्रमाणे वकिलाने अशिलाच्या पैशांचा तारीखवार हिशेब ठेवला पाहिजे: किती आले, किती खर्च झाले, मेहनतान्यात किती धरले. नियम 26 प्रमाणे आलेली रक्कम फीची की खर्चाची याची नोंद हवी, आणि काम चालू असताना खर्चासाठी दिलेले पैसे अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाहीत. नियम 30 प्रमाणे अशिलाने मागितल्यास नकलेचा खर्च घेऊन हिशेबाची प्रत द्यावी लागते. आपण व्यापारी माणसे रोजमेळ आणि खातेवही ठेवतो. तीच अपेक्षा वकिलाकडून ठेवली तर त्यात त्याचा अपमान नाही.

पत्र साधे असावे. त्याचा नमुना असा:

"मा. वकीलसाहेब यांस. आमच्या घराच्या खरेदीखताच्या कामी आपला मेहनताना रु. 15,000 ठरला होता व तो अमुक तारखेस दिला आहे. आपण आता रु. 23,200 मागितले आहेत. त्यापैकी नोटीस, तर्जुमा व दुसरा मसुदा यांचे रु. 9,500 आज पाठवीत आहोत. उरलेल्या रकमेचा तपशील, पावत्या आणि आमच्या खात्याच्या हिशेबाची प्रत 15 दिवसांत द्यावी. नकलेचा खर्च आम्ही देऊ. आमचे सर्व मूळ कागद परत करावेत, ही विनंती."

पत्रात कठोर शब्द नको, धमकी नको. ते स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोहोच जपून ठेवावी. आमच्या अनुभवात निम्मे वाद येथेच मिटतात, कारण बिलातला जो आकडा अंदाजाने लिहिलेला असतो तो तपशील मागताच खाली येतो.

कागद अडवून ठेवले तर

खरी भीती पैशांची नसते, कागदांची असते. मूळ खरेदीखत वकिलाकडे, बँक ते मागते आहे, आणि वकील म्हणतो, "आधी पैसे." अशा वेळी घाबरून पैसे देण्याची गरज नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात हा प्रश्न सोडवला. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलाने रु. 97,100 फी येणे असल्याचे सांगून बँकेच्या फायली परत करण्यास नकार दिला होता. न्यायालयाने सांगितले की फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. फी वसूल करण्याचे इतर कायदेशीर मार्ग त्याला मोकळे आहेत. बार कौन्सिलने त्या वकिलाला 18 महिन्यांसाठी वकिलीतून निलंबित केले होते. कायदा तोवर स्पष्ट नव्हता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा ताकिदीवर आणली, पण वर्तन गैरच ठरवले. तो वाद कोर्टाच्या फायलींचा होता. तरी अशिलाचे कागद म्हणजे तारण ठेवलेला माल नव्हे, ही त्यातील भूमिका आपल्या खरेदीखतालाही लागू पडते, असे आमचे मत आहे. कागद ही वकिलाकडे ठेवलेली अमानत आहे.

दरम्यान कामे अडू देऊ नका. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक 2 दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. नाव लावण्याचे काम त्यावर पुढे नेता येते. बँकेलाही लेखी कळवावे की मूळ दस्त अमुक कारणाने यायचा आहे.

तक्रार कोठे करावी?

येथे पुष्कळांची वाट चुकते. "ग्राहक मंचात जाऊ," असे अजूनही सर्रास म्हटले जाते. 2007 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे म्हटले होते. परंतु 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वकिलाविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार आता ग्राहक आयोगात चालत नाही. तेथे जाऊन वेळ आणि पैसा घालवू नका.

कागद अडवणे, हिशेब न देणे किंवा खर्चाचे पैसे परस्पर वळवणे हे गैरवर्तन आहे. त्याची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 35 खाली मुंबईतील बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करता येते. कौन्सिलची शिस्त समिती ताकीद देऊ शकते, वकिलाला निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव यादीतून काढू शकते. तक्रार एका वर्षात निकाली निघाली नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. पण ही समिती पैसे वसूल करून देण्यासाठी नाही. फक्त आकड्याचा वाद असेल तर तेथे धाव घेऊ नये, आणि तक्रारीची धमकी देऊन पैसे सोडवून घेण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

आकड्याच्या वादासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची लोकअदालत हा उत्तम मार्ग आहे. दावा लावण्यापूर्वीही तेथे अर्ज देता येतो. कोर्ट फी लागत नाही. दोघांचे जमले तर झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा पक्का असतो. तडजोड झाली नाही तर दिवाणी न्यायालय आहेच. जादा दिलेले पैसे परत मागायचे असतील तर साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. वकिलाने फीसाठी दावा केला तर ठरल्याचा पुरावा त्यालाच द्यावा लागेल.

इंग्लंडात ज्यांचे नातेवाईक घर घेतात त्यांच्यासाठी दोन शब्द. तेथे सॉलिसिटरचे बिल आल्यापासून एक महिन्यात अर्ज केल्यास न्यायालयाकडून ते तपासून घेण्याचा हक्क 1974 च्या कायद्याने दिला आहे. 2010 पासून लीगल ओम्बुड्समनकडे विनामूल्य तक्रारही करता येते. आपल्याकडे कोर्टाबाहेरच्या कामाचे बिल तपासणारी अशी खास जागा नाही. म्हणूनच आपल्याकडे आधी लिहून घेण्याला जास्त महत्त्व आहे.

बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल तर गोष्ट निराळी. 'लीगल चार्जेस' म्हणून तो जे घेतो ते करारात लिहिलेले हवे. बिल्डर वकील नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध महारेरा आणि ग्राहक आयोग हे दोन्ही दरवाजे उघडे आहेत.

पुढच्या वेळी

वकील नेमताना एका कागदावर चार गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात: कोणकोणते काम, त्याचा मेहनताना किती, खर्च वेगळा किती धरला, आणि काम वाढले तर आधी विचारून नंतर करायचे. सरकारी चलन शक्यतो आपल्या खात्यातून भरावे. मेहनताना आणि खर्च यांचे पैसे वेगवेगळे द्यावेत आणि दोन्हींची पावती घ्यावी. दस्त दाखल केल्यावर मिळणारी पावती स्वतःकडे ठेवावी आणि मूळ दस्त स्वतः ताब्यात घ्यावा.

व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ओळखीच्या वकिलाशी लिहून कसे घ्यायचे, या भिडेपोटी आपण ती विसरतो आणि नंतर ओळखही जाते, पैसाही जातो. चांगला वकील अशा कागदाने रागावत नाही. उलट त्याचेही मेहनतीचे पैसे त्यामुळे बुडत नाहीत. आपल्या हाती आज असे बिल असेल तर घाई करू नका. आज संध्याकाळी बसा, त्याचे तीन भाग करा, देणे लागते ते बाजूला काढा आणि उद्या पत्र टाका.